ओला दात, कोरडा दात

आधी एक प्रयोग करून बघा. आरशासमोर उभं राहायचं, वरचा ओठ बोटाने उचलून धरायचा आणि दहा मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. दातांवरून जीभ फिरवायची नाही. (शक्यतो घरात कोणी नसताना करा. आईने मला या अवतारात बघितलं तेव्हा ती गॅस बंद करून "काय होतंय रे तुला?" म्हणत धावत आली होती.) मग वरचे पुढचे दोन दात नीट बघा. एरवीपेक्षा पांढरे दिसतील. पण हा पांढरा जाहिरातीतला नाही, खडूचा पांढरा. चमक गेलेला. आता ओठ सोडा, जीभ फिरवा. चमक लगेच परत येईल. रंग मात्र लगेच येणार नाही, त्याला वेळ लागतो.

मला हे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं, तेही दात तुटल्यावर.

तर झालं असं. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, अंधेरीला संध्याकाळची विरार फास्ट. (बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार गाडीत चढावं की नाही हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. त्यावर मतं ऐकायला मी तयार आहे, बदलायला नाही :) ) चढताना कोणाच्या तरी सॅकमधली स्टीलची बाटली थेट तोंडावर आली आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा असेल. पण जीभ दर दोन सेकंदांनी तिथेच जायची, आणि दुसऱ्या दिवशी क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल होता.

बोरिवली पूर्वेला आमच्या घराजवळच एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. एक खुर्ची, एक खिडकी, एक मदतनीस. मला वाटलं होतं, बसल्या बसल्या इंजेक्शन, ड्रिल वगैरे सुरू होईल. त्यांनी उलट डोक्यावरचा दिवा बंद केला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि एका पट्टीवर लावलेले सोळा नकली दात काढले. त्यावर ए-१, ए-२, बी-३ असे नंबर. लाल-तपकिरी झाक ए मध्ये, लाल-पिवळी बी मध्ये, करडी सी मध्ये आणि लाल-करडी डी मध्ये. रंगाच्या दुकानात भिंतीचा शेड निवडायला देतात ना, तस्संच. "तोंड मिटा, जीभ फिरवा, आता उघडा," असं म्हणून त्यांनी एकेक दात माझ्या दाताशेजारी धरला, पाच-सात सेकंदच बघितलं, आणि मदतनीसाला सांगितलं, "ए-दोन. लिहून ठेव."

मी विचारलं, रंग शेवटी बघायला नको का? म्हणाल्या, "आधी रंग, मग बाकी सगळं. एकदा दात सुकला की मला खरा रंग दिसणारच नाही."

मग दाताभोवती रबराची शीट ताणून बसवली (लाळ लागू नये म्हणून), काम सुरू झालं. पाऊण तास. शेवटी आरसा हातात दिला आणि माझा चेहरा पडला. नवीन कोपरा सरळसरळ पिवळट दिसत होता आणि माझा स्वतःचा दात त्याच्या शेजारी पांढराफटक. मी म्हटलं, "डॉक्टर, रंग जुळला नाहीये." त्या हसल्या. "कोपऱ्याचा रंग बरोबर आहे. तुमचा दात सध्या चुकीचा आहे. उद्या सकाळी बघा. तेव्हाही वेगळा दिसला तर या, पैसे न घेता बदलून देते."

आता इंजिनीअर माणसाला "उद्या सकाळी आपोआप बरोबर होईल" असं कोणी सांगितलं की त्याचा विश्वास कसा बसणार? आमच्या धंद्यात आपोआप बरोबर झालेला बग हा सगळ्यात धोकादायक बग असतो. म्हणून घरी आल्यावर मी लॉग ठेवायला घेतला. बाथरूमची तीच ट्यूब, तेच अंतर, मोबाईलचा तोच कॅमेरा. कॅमेरा स्वतःच्या मनाने पांढऱ्याचा रंग बदलत बसतो, म्हणून प्रत्येक फोटोत दाताशेजारी एकच व्हिजिटिंग कार्ड धरलं. आठ वाजता फरक ठळक. नऊला ठळकच. अकराला, माहीत असेल तरच दिसेल एवढा. रात्री झोपताना मी तोंड मिटून झोपायचा निश्चय केला (त्याचं पुढे काय झालं ते झोपेत असल्याने माहीत नाही). सकाळी ब्रश करायच्या आधी बघितलं तर नवा कोपरा कुठला आणि जुना दात कुठला, हे मलाच शोधावं लागलं.

हे होतं कसं?

दाताचं वरचं आवरण म्हणजे इनॅमल. वजनाने बघितलं तर जवळजवळ ९६ टक्के खनिज, बाकीचं पाणी आणि थोडे सेंद्रिय पदार्थ. शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ, पण भरीव काच नाही. खनिजाच्या बारीक बारीक दांड्या एकमेकींना चिकटून उभ्या, आणि त्यांच्या मधल्या अतिसूक्ष्म फटींत पाणी. इनॅमल बरंचसं पारभासक असतं. दाताचा जो पिवळसर रंग आपल्याला दिसतो तो मुख्यतः त्याच्या खालच्या थराचा, डेंटिनचा. म्हणजे आपण दात बघतो तेव्हा दुधी काचेतून पिवळ्या भिंतीकडे बघत असतो.

आता वडापाव. गरम वडा कागदात गुंडाळून दिला की दोन मिनिटांत कागदावर तेलाचा डाग पडतो आणि त्या डागातून मागचं दिसायला लागतं. कागद तोच, जाडी तीच. कोरड्या कागदात धाग्यांच्या मध्ये हवा असते. प्रकाश धाग्यातून हवेत, हवेतून धाग्यात असा जाताना प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा उलटा फिरतो, इकडेतिकडे विखुरतो, आणि कागद पांढरा, अपारदर्शक दिसतो. तेलाने त्या फटी भरल्या की प्रकाशाला जवळजवळ एकाच पदार्थातून गेल्यासारखं वाटतं. तो सरळ आरपार जातो. पावसात भिजलेला पांढरा शर्ट अंगाला चिकटून आतलं बनियन दाखवायला लागतो, तोही याच कारणाने.

दाताचं नेमकं असंच. फक्त तेलाच्या जागी पाणी. दहावीच्या विज्ञानात अपवर्तनांक शिकलो होतो ना, तो इथे कामाला येतो. इनॅमलचा सुमारे १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. फटींत पाणी असेल तर फरक ०.२९. पाणी उडून हवा शिरली की फरक ०.६२, म्हणजे दुपटीहून जास्त. पण परिणाम दुप्पट होत नाही. फ्रेनेलचं सूत्र वापरून कागदावर हिशेब केला, तर इनॅमल-पाणी अशा एका सीमेवरून सरळ पडलेला प्रकाश जेमतेम १ टक्का परत फिरतो, आणि इनॅमल-हवा अशा सीमेवरून साधारण ५.६ टक्के. जवळजवळ सहापट! (दातातल्या फटी इतक्या बारीक असतात की हे सूत्र तिथे जसंच्या तसं लागू होत नाही. पण दिशा कळायला पुरेसं आहे.) अशा सीमा एक-दोन नाहीत, असंख्य. त्यामुळे कोरड्या दातात प्रकाश खालच्या पिवळ्या भिंतीपर्यंत पोचायच्या आतच परत येतो. भिंत झाकली जाते, दात पांढरा दिसतो. दाताला रंग लागलेला नसतो की दाताचा रंग गेलेला नसतो. खिडकीवर धुकं धरावं तसं झालेलं असतं.

सुकायला मिनिटं पुरतात. ओलं व्हायला मात्र तास लागतात, कारण त्या फटींत लाळेतलं पाणी हळूहळू मुरावं लागतं. अर्ध्या तासात दात पूर्ववत होत नाही, आणि डॉक्टर मंडळी एक दिवस धरून चालतात.

गंमत म्हणून हे सगळं ठीक आहे. पण दाताच्या रंगाबद्दलचे जे निर्णय कायमचे असतात ते नेमके दवाखान्याच्या खुर्चीत होतात, जिथे तोंड उघडं असतं आणि दात सुकत असतो. पोर्सेलीनची कॅप बसवायची आहे आणि रंग काम झाल्यावर, सुकलेल्या शेजारच्या दाताशी जुळवला, असं समजा. लॅबवाला त्या नंबरची कॅप इमानदारीत बनवणार. त्या दिवशी जुळल्यासारखंही वाटेल. दुसऱ्या दिवशी शेजारचा दात ओला होऊन आपल्या मूळ रंगावर येणार, आणि पोर्सेलीन मात्र आहे तिथेच राहणार. ते सुकतही नाही आणि मुरतही नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं प्रत्येक फोटोत एक दात आगाऊपणे पुढे. त्यामुळे तुमच्यापैकी कोणाला पुढच्या दाताचं काम करायचं असेल तर एवढंच करा: रंग सगळ्यात आधी बघायला सांगा, दिवा बंद करून, खिडकीच्या उजेडात. लिपस्टिक असेल तर पुसून. यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नाही.

याच कारणाने माझ्या टीममधला एक जण गेल्या डिसेंबरमध्ये वैतागला होता. लग्नाच्या आधी त्याने कुठल्याशा क्लिनिकमध्ये दात पांढरे करून घेतले. तासभर गाल ताणून, तोंड उघडं ठेवून, जेल लावून, निळा दिवा मारून. संपल्यावर लगेच तीच सोळा दातांची पट्टी शेजारी धरून फोटो काढला. "सहा शेड उजळ!" पठ्ठ्या खूश. आठवड्याने त्यातल्या निम्म्या शेड गायब. क्लिनिकमध्ये विचारलं तर उत्तर, "चहा प्यायला असाल." आता जेलमधलं पेरॉक्साइड खरोखर काम करतं, दातातले रंगद्रव्याचे रेणू फोडतं, याबद्दल वाद नाही. पण तासभर सुकवलेल्या दाताचा फोटो काढून तो सगळा हिशेब पेरॉक्साइडच्या खात्यात टाकणं म्हणजे डेमो सर्व्हरवरचा स्पीड दाखवून प्रॉडक्ट विकण्यातला प्रकार. खरा रंग आठवडा-दोन आठवड्यांनी मोजायचा असतो. हे आधी सांगितलं असतं तर त्याने बिचाऱ्या चहाला दोष दिला नसता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

माझी मावसबहीण गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहते. ती मूळची यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली. अंधेरीला एका कंपनीत ट्रेनिंग देते, म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास एसी खोलीत उभं राहून बोलायचं. तिच्या पुढच्या दातांवर पांढरे ढगांसारखे डाग आहेत. गावात तिच्या वयाच्या निम्म्या पोरांना आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरवेलच्या पाण्यात खडकातून आलेलं फ्लोराइड जास्त असतं. आपल्याकडच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. लहानपणी, साधारण आठव्या वर्षापर्यंत, पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात. त्या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेलं की इनॅमल नीट घट्ट होत नाही, पृष्ठभागाखाली ते सच्छिद्र राहतं. हाच फ्लोरोसिस. आम्ही मुंबईकर तुळशी-विहार-तानसा-भातसाचं, डोंगरावर पडलेल्या पावसाचं साठवलेलं पाणी पिऊन वाढलो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला शाळेच्या पुस्तकापुरताच माहीत.

तर ही पोरगी शाळेपासून एक गोष्ट सांगत आलेली आहे: "सकाळी डाग कमी असतात. दुपारी वाढतात. फोटो काढतानी तं खूपच वाढतात." घरात कोणी विश्वास ठेवला नाही. मावशी म्हणायची, मनाचे खेळ आहेत. डाग काय घड्याळ बघून वाढतात का? एकदा तिला बघायला मंडळी आली होती तेव्हा ती दोन तास तोंड मिटून बसली, आणि ती घुमी आहे असा निरोप आला. हसताना तोंडावर हात घ्यायची सवय तर इतकी पक्की की आम्हाला ती तिची लकबच वाटायची.

माझा तो लॉग तिने बघितला. सगळे फोटो ओळीने लावलेले, खाली वेळा. "काऊन दादा, दात सुकला की पांढरा होते का?" मी वडापावचं सगळं पुराण सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मी खरं सांगत होती."

अगदी खरं सांगत होती. सच्छिद्र इनॅमलमध्ये फटी जास्त, म्हणजे सुकल्यावर हवाही जास्त. निरोगी दात सुकला तर थोडा पांढरा होतो, डागाची जागा सुकली तर भक्क होते. पाच तास बोलून, एसीत, तोंडाने श्वास घेत, किंवा फोटोसाठी हसू धरून ठेवल्यावर डाग उठून दिसणारच. ज्यांनी आयुष्यभर हे डाग मोजले त्यांनाही हे माहीत होतं. अमेरिकेत डीनने १९३४ साली फ्लोरोसिसची प्रतवारी केली ती दात न सुकवता. १९७८ साली थिलस्ट्रप आणि फेयरस्कोव्ह यांनी नवी प्रतवारी केली तेव्हा दात आधी सुकवून बघायचा नियम केला, कारण ओल्या दातावर न दिसणाऱ्या बारीक रेघा सुकवल्यावर दिसतात. दात किडायला लागला की सुरुवातीची खूणही अशीच. डॉक्टर दातावर हवेचा फवारा का मारतात ते मला आत्ता कळलं. ओला असताना न दिसणारा पांढरा ठिपका पाच सेकंद सुकवल्यावर दिसला तर कीड अगदी सुरुवातीची. ओल्यावरही दिसत असेल तर पुढे गेलेली. म्हणजे जी गोष्ट माझी बहीण रडवेली होऊन सांगत होती, ती दातांच्या तपासणीत रोज वापरतात.

मी तिला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी एक उपाय सांगितला. जर्मनीत विकसित झालेला, २००९च्या सुमारास बाजारात आलेला. दात घासून काढायचा नाही, कॅप नाही. डागाच्या वरचा अगदी पातळ थर ॲसिडच्या जेलने उघडायचा आणि आतल्या फटींत पाण्यासारखं पातळ रेझिन मुरवून निळ्या प्रकाशाने घट्ट करायचं. रेझिनचा अपवर्तनांक १.५च्या आसपास, इनॅमलच्या बराच जवळ. आणि मुख्य म्हणजे ते उडून जात नाही. वडापावच्या कागदावरचं तेल, पण कायमचं! अर्थात त्यांनी हेही सांगितलं की खोल डाग जातीलच असं नाही, आणि खर्च बराच आहे. मावशीने फोनवर विचारलं की आता लग्नाचं बघतोय म्हणून करतेय का. बहीण म्हणाली, "नाही. मला ट्रेनिंगमध्ये तोंड उघडायचं असते म्हणून." तीन महिने पैसे साठवले आणि एका शनिवारी गेलो.

मी खिडकीपाशी बसून बघत होतो. रबराची शीट लावली, दोन मिनिटं ॲसिडचं जेल, धुतलं, हवेने सुकवलं. तिच्या हातात आरसा होता. दात चुना फासल्यासारखे झाले होते. आधीपेक्षा वाईट. शीटमुळे तिला बोलता येत नव्हतं, पण डोळे मोठे झालेले मला दिसले. डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नकोस, आता बघ." त्यांनी दातांवर अल्कोहोलचे थेंब टाकले. एकदम ढग गेले. दात साधे झाले, माझ्या तुमच्यासारखे, किंचित पिवळट. अल्कोहोल फटींत शिरलं होतं. पुढे रेझिन गेलं तर साधारण कसं दिसेल याची ती झलक. पण अल्कोहोल ते, अर्ध्या मिनिटात उडायला लागलं आणि कडेकडेने पांढरं परत यायला लागलं. तिने आरसा खाली केला नाही. दुसऱ्या हाताचं बोट वर करून, पुन्हा एकदा, अशी खूण केली. डॉक्टरांनी पुन्हा थेंब टाकले.

मग रेझिन, वाट बघणं, निळा प्रकाश, परत रेझिन. संपलं तेव्हा अर्थातच सगळे दात सुकून पांढरेफटक, काही कळायला मार्ग नाही. डॉक्टर म्हणाल्या, "उद्या सकाळी." या वेळी आम्ही दोघांनीही वाद घातला नाही.

रविवारी सकाळी ती सहाच्या आत उठून आरशासमोर होती. मधल्या दोन दातांवरचे ढग गेले होते. बाजूच्या एका दातावर बारीकशी आडवी रेघ राहिली होती. ती म्हणाली, परत एकदा करून घेण्याएवढे पैसे आत्ता नाहीत, राहू दे. सोमवारी तिचं तीन तासांचं सेशन होतं. दुपारी चार वाजता मेसेज आला: "दादा, आत्ताच आरशात बघितलं. रेघ आहे. बाकी काही वाढलं नाही."